कुपीवरचं नाव

एल्डोरेट शहरातल्या प्रयोगशाळेत जेलगात नावाची तरुणी जंतूंची जनुकं वाचायची. आईच्या भोपळ्याच्या तुंब्यातलं मुरसिक, म्हणजे आंबवलेलं दूध, महिनाभर टिकवणारा जंतू तिनेच ओळखला. नमुना परदेशी निघाला, तेव्हा प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, "कुपीवर लिही, उगम अज्ञात."

तिने आईचं नाव घालून लिहिलं, "ताप्किगेनच्या तुंब्यातला."

"अगं, जंतूला कसली आलीय मालकीण?"

"इथे आणलेला तुंबा तुम्ही साबणाने धुतलात आणि दूध नासवलंत, साहेब. माझी आई चाळीस वर्षं तो निखाऱ्याने घासतेय, म्हणून हे जगलेत."

"खोड ते, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

जेलगातने पांढरा कोट काढून त्यांच्या खुर्चीवर टाकला आणि पेन पुढे केलं. "घ्या, तुमच्याच हाताने खोडा."

साहेबांनी पेन घेतलं नाही. कुपी नावासकट गेली.