निवट्यांचं निमखारं पाणी

मी पेणहून निघाले त्या दुपारी बाबा गाडीपर्यंत आले. आमच्या मिठागरातल्या जाड मिठाची पिशवी त्यांनी कठड्यावर ठेवली आणि मी ती उचलली. मीठ हातात दिलं की भांडण होतं म्हणतात ना, म्हणून. भांडण तर आधीच झालं होतं. धाटावच्या कंपनीतली लॅबची नोकरी सोडून मी शारजाला का निघाले, हे त्यांना पटलं नव्हतं. "जा गो, तुजं तू बघ," एवढंच म्हणाले.

पुढं दोन वर्षं फोनवर तेच. "बरी हायस ना? ठेवतो मग." मला फार लागायचं ते.

एकदा इथल्या पेट शॉपमध्ये काचेमागे निवट्या दिसल्या. धरमतरच्या खाडीतल्या चिखलात परांवर सरपटणारी ती मासळी, डोक्यावर डोळे घेऊन टुकूटुकू बघणाऱ्या आपल्याच निवट्या! आपण ज्यांचं कालवण करतो, त्या इथं लोक दिरहम मोजून पाळतात. हसू आलं, आणि दोन घेऊन आले.

टँकमध्ये एका बाजूला वाळूचा उतार केला, दुसऱ्या बाजूला निमखारं पाणी. दुकानदार टँकसाठीच्या खास समुद्री मिठाचं पाकीट घ्या म्हणत होता. मिठागरवाल्याच्या मुलीला मीठ विकतो! मी बाबांचंच मीठ विरघळवलं. हायड्रोमीटरवर खारेपणा अगदी बरोबर आला. चौथ्या दिवशी निवट्या मलूल झाल्या, एक तर हलेचना.

घाबरून मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला, तुमचंच मीठ घातलंय म्हणून सांगितलं. टँक बघून ते दोन वर्षांत पहिल्यांदा हसले.

"गो बाय, मीठ म्हंजे अख्खी खाडी नाय. मिठागरात मीठ धरलं की उरलेलं कडू पाणी आपुन सोडून देताव ना? निवटीला त्यो कडूपणा पण लागतो."

लॅबमध्ये पाणी तपासण्यात वर्षं घालवलेली मी, त्या कडू पाण्यातले मॅग्नेशियमसारखे क्षार कशी विसरले! मुकाट्यानं दुकानदाराचं ते सगळे क्षार असलेलं पाकीट आणलं, रोज थोडं थोडं पाणी बदललं. आठवड्यात दोघी उतारावर चढून बसल्या.

आता अमावास्या-पौर्णिमेला, खाडीला उधाण आलं की फोन बाबांचाच येतो. मी आठव्या मजल्यावर पडदे ओढून बसते. टँकच्या हिरवट उजेडात भिंती हलल्यासारख्या वाटतात, आणि थोडा वेळ मी कुठल्या गावात आहे तेच कळत नाही. घर कुठलं विचारलं तर अजून पेणच सांगते. पण मनातलं सांगायचं तर, बाबा माझ्याशी बोलतात तेवढा वेळच मी घरी असते.

परवा त्यांच्यामागे खाडीचा वारा ऐकू येत होता. म्हणाले, "आमच्याकडं उधाण आलंय. तुज्याकडं?"

मी निमखाऱ्या पाण्याची बादली हळूच टँकमध्ये ओतली.

"व्हय बाबा, चढतंय."