वस्तादांचा निरोप

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला वाटतं, किशन वस्तादांचं आणि माझं मानपानावरून बिनसलं. बिनसलं — किती सोयीचा शब्द आहे ना?

मी लातूरला बॉक्सिंग शिकवतो. मला ज्यांनी शिकवलं ते किशन वस्ताद नांदेडचे. त्यांच्या पत्र्याच्या हॉलमध्ये आमच्या वेळी सरावात पाणी प्यायला बंदी होती. चूळ भरून थुंकायचं, बस. घोट गिळताना दिसलं की पाठीत धपाटा. वाळू भरलेल्या पोत्यावर ठोसे मारून बोटं सोलून निघायची. आणि वजनाच्या आधी — हसाल तुम्ही — खताची रिकामी पिशवी फाडून स्वेटरच्या आत घालायची अन् उन्हात पळायचं, तोंडात चिंच धरून थुंकत राहायचं. अंगातलं पाणी गेलं की वजन उतरतं. आम्हाला यात काही वावगं वाटायचं नाही, उलट अभिमान वाटायचा.

एका निवड स्पर्धेत मी असाच वाळून रिंगमध्ये उतरलो आणि ठोसा न लागताच कोसळलो. वस्ताद सगळ्यांदेखत म्हणाले, "तुझ्यात दमच न्हाई रे." मी ते खरं मानलं. वर्षानुवर्षं मानलं. खेळणं सुटलं, तरी त्यांच्या हाताखाली त्याच हॉलमध्ये राहिलो. दम नसलेल्या माणसानं दुसरं करायचं तरी काय?

मग दिवस बदलले. डोक्याला हेडगार्ड आले, मोबाइलवर स्वतःचा खेळ हळू करून बघणं आलं, मुली शिकायला आल्या. आणि एकदा कुठल्याशा शिबिराहून परतल्यावर वस्तादांनी हॉलच्या दारात पाण्याचा जार आणून ठेवला. "प्या रे पोरांनो. ह्या पाण्यापायी लई पोरं वाया घालवली मी," म्हणाले, आणि हसले. हसले हो! माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी तिथंच उभा होतो, हातावरच्या पट्ट्या सोडत. माझा इतका विश्वासघात कुणी केला नव्हता. ते बदलले याचा राग नव्हता. पण "तुझ्यात दम होता, मीच पाणी दिलं न्हाई" — एवढं एक वाक्य मला द्यायला नको होतं का? मी त्याची फार दिवस वाट पाहिली.

आता जे सांगायचं ते सांगतो.

शीतल अहमदपूरची. वस्तादांची सगळ्यात लाडकी. लातूरच्या स्पर्धेला मी तिला घेऊन आलो. गुडघ्यामुळे वस्ताद नांदेडलाच राहिले. आदल्या दिवशी ती काट्यावर तिच्या वजनगटापेक्षा थोडी जास्त भरली. मी फोन लावला. वस्ताद स्वच्छ म्हणाले, "वरच्या गटात खेळव. लेकराला उपाशी ठिवू नको." मी फोन ठेवला आणि तिला सांगितलं — वस्तादांचा निरोप आहे, पाणी बंद, पिशवी घालून पळायचं.

का सांगितलं? ती तशी जिंकली असती, तर माझं वाळणं फुकट गेलं नाही असं ठरलं असतं — असं काहीतरी डोक्यात होतं. की वस्तादांचं काहीतरी लाडकं मला मोडायचंच होतं? मी पुष्कळदा विचार केला. दोन्ही खरं असावं.

शीतलनं एका शब्दानं विचारलं नाही. वस्तादांचं नाव तिला पुरलं. ती मैदानाच्या कडेला पडली तेव्हा ओठ पांढरे पडले होते, पायांत गोळे आले होते. ती वाचली, पण मूत्रपिंडाला इजा झाली. डॉक्टरांनी खेळणं कायमचं बंद केलं.

तिचे वडील दवाखान्यात आले. "कुणी पळवलं माझ्या पोरीला असं?" मी म्हणालो, वस्तादांनी सांगितलं होतं. त्यांना पटलं. सगळ्यांनाच पटलं. वस्तादांच्या जुन्या सवयी कुणाला ठाऊक नव्हत्या? मला खोटं रंगवावंही लागलं नाही.

संध्याकाळच्या एसटीनं वस्ताद लंगडत आले. वडील त्यांच्या अंगावर धावून गेले. वस्तादांनी माझ्याकडे पाहिलं — फार वेळ नाही. मग हात जोडले. "हाव. माझंच चुकलं," म्हणाले. त्यांनी असं का केलं, मी त्यांना कधी विचारलं नाही. त्या क्षणी मला फक्त सुटल्यासारखं वाटलं. हेही सांगायलाच हवं.

नांदेडचा हॉल बंद पडला. मी लातूरला माझे वर्ग सुरू केले. माझ्याकडे प्रत्येक फेरीनंतर पाणी असतं. पालक म्हणतात, "सर, तुमी लेकरायला लई जपता." नव्या मुलांना पाण्याचं महत्त्व पटवायला मी एक किस्सा सांगतो — जुन्या वळणाच्या एका वस्तादानं एका मुलीला पाण्यावाचून पळवलं, त्याचा. मुलं अगदी कान देऊन ऐकतात.

परवा एका मुलीनं विचारलं, "कोण होते ते वस्ताद, सर?"

मी त्यांचं नाव सांगितलं.