कोचच्या ऑफिसातला थर्मामीटर

दह्याचे रिकामे डबे घरात कधी आणि किती साठले ते कळत नाही, तसे माझ्याकडे हे किस्से साठलेत. इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये कुणाकडे एकेक पदार्थ नेऊन पॉटलक असलं की जेवणं झाल्यावर कोणीतरी म्हणतंच, "अगं वैशाली, तो तुमच्या फुटबॉल कोचचा किस्सा सांग ना." मी सांगते आणि लोक पोट धरून हसतात. मला मात्र दर वेळी नव्याने राग येतो. आज सगळे एकदमच सांगते. हसायचं तर हसा.

*

हा फुटबॉल म्हणजे अमेरिकन, हेल्मेटवाला. दोन हजार चारचा उन्हाळा. आमचा निखिल पंधरा वर्षांचा, अंगानं काडी, पण हायस्कूलच्या टीममध्ये जायचंच म्हणून हटून बसलेला.

पहिल्या दिवशी त्याला सोडायला मी आणि मिलिंद दोघं गेलो. कोच चांगला साडेसहा फुटी, गळ्यात शिट्टी, हातात कायम एक पिवळी वही. मिलिंद पुण्याचा, केमिस्ट्रीत पीएचडी केलेला माणूस, पण शाळेतल्या कुठल्याही सरांसमोर आजही हात मागे बांधून उभा राहतो. मग बोलायचं मलाच. आपल्याकडे शाळेत घालताना सांगतात ना, तसं मी रीतीप्रमाणे सांगितलं, "सर, तुमचाच मुलगा समजा. ऐकलं नाही तर खुशाल शिक्षा करा." इंग्लिशमध्ये, बरं का, मनात नीट वाक्य जुळवून.

कोचनं भुवया उंचावल्या, वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि म्हणाला, "सगळ्या आया तुमच्यासारख्या असत्या तर!"

मी इतकी खूश झाले की संध्याकाळी निखिलला पुन्हा बजावलं, सरांना उलट बोलायचं नाही.

*

सीझन सुरू व्हायच्या आधी, सुट्टीत प्रॅक्टिसची सक्ती करायची नाही, असा नियम. हेल्मेट आणि पॅड घालायचे नाहीत, मधे मधे पाणी द्यायचं, फार गरम झालं की थांबवायचं. पालकांच्या मीटिंगमध्ये कोचनं हे सगळं वाचून दाखवलं, कागदाची घडी घातली आणि म्हणाला, "थोडक्यात, समर प्रॅक्टिस व्हॉलंटरी आहे."

शेरिल म्हणून एक आई होती, टीममधल्या सगळ्यात दांडग्या पोराची. पेशानं नर्स, बोलायला फटकळ. तिनं विचारलं, "मग रोजची हजेरी भिंतीवर कशाला लावता?"

"टीम निवडणंही व्हॉलंटरीच आहे, मॅम," कोच म्हणाला. "ते मी करतो."

सगळे हसले. मीही हसले, त्याची आज लाज वाटते.

*

निखिल घरी आला की आधी किचनच्या नळाला तोंड लावायचा. म्हटलं, "अरे, तिथे पाणी देत नाहीत का?"

"They do, आई. पण प्यायलं की एक एक्स्ट्रा लॅप."

म्हणजे जो पाणी पिईल त्यानं मैदानाला एक चक्कर जास्त मारायची. चक्कर मारली की परत तहान. नियम पाळल्यासारखा झाला, आणि पोरं आपणहून पाण्याकडे फिरकेनात. मी मिलिंदला म्हटलं, जाऊन बोल त्यांच्याशी. तर हा म्हणतो, "अगं, सर आहेत ते. काहीतरी विचार करूनच करत असतील."

डोंबलाचा विचार! पण मीही गप्प बसले.

*

मी नागपूरची. ऊन म्हणजे काय हे मला कोणी शिकवू नये. मे महिन्यात आमच्याकडे बारा ते चार रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, आणि बाहेर पडावंच लागलं तर डोक्याला पंचा आणि खिशात कांदा. इथे पोरं भर तीनला धावतायत. मी इंडियन स्टोअरमधून कैऱ्या आणल्या, उकडल्या, गूळ-वेलची-मीठ घालून मोठा थर्मास भरून पन्हं पाठवलं. सगळ्या टीमला पुरेल इतकं.

थर्मास तसाच परत आला. वर कोचची चिठ्ठी चिकटवलेली: सेफ्टी रूल्सप्रमाणे घरची पेयं चालत नाहीत.

त्या अख्ख्या उन्हाळ्यात त्यानं पाळलेला तो एकच सेफ्टी रूल.

*

तेव्हा मी स्वतःच गेले. मी लॅबमध्ये काम करते, दिवसभर तापमानाच्याच नोंदी ठेवते. त्याला विचारलं, गरम किती झालं हे तुम्ही मोजता का?

"अर्थात," म्हणाला, आणि मला कौतुकानं ऑफिसात नेलं. थर्मामीटर होता. एसीच्या जाळीखाली खिळ्याला टांगलेला. बहात्तर डिग्री फॅरनहाइट, म्हणजे आपले जेमतेम बावीस.

"हा बाहेर का नाही लावत?"

"लावून पाहिला. बाहेर आकडा फार वर जातो."

मी पर्समधला कॅमेरा काढून तिथेच त्याचा फोटो घेतला. खरं तर तेव्हाच निखिलला दंडाला धरून घरी आणायला हवं होतं. आणलं नाही. टीमची यादी दोन आठवड्यांवर आली होती आणि पोरगं त्या यादीसाठी जीव टाकत होतं.

*

आता तो किस्सा, जो सगळ्यांना हवा असतो.

शेरिलनं वर तक्रार केली आणि एक साहेब तपासायला आले. हेल्मेटं आणि पॅड क्षणात कोचच्या ट्रकमध्ये ताडपत्रीखाली गेले. साहेबांनी विचारलं, काय चाललंय? कोच म्हणाला, "योगा." आणि टीममधल्या एकुलत्या एक इंडियन पोराला पुढे ढकललं, "हाच शिकवतो."

निखिलला योगासनांतलं ओ की ठो येत नव्हतं. त्याला येत होतं ते एकच, मराठी मंडळाच्या गणपतीपुढे कान धरून घालतात त्या उठाबशा. त्यानं त्या सुरू केल्या. चाळीस धिप्पाड पोरं उलटसुलट हातांनी कान धरून मैदानात खालीवर! साहेब इतके खूश झाले की त्यांनी शेवटी दोन घालून पाहिल्या.

इथे लोकांच्या डोळ्यांतून पाणी येतं. साहेबांची गाडी वळल्याबरोबर ताडपत्री निघाली, हे ऐकायला कोणी थांबत नाही.

*

पुढच्या आठवड्यात निखिल पडला.

चक्कर येतेय असं त्यानं दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा कोच म्हणाला, पळ. तो पळाला. शेरिल मुलाला न्यायला लवकर आली होती म्हणून बरं. तिनं बर्फाचा कूलर अख्खा त्याच्या अंगावर ओतला आणि अँब्युलन्स बोलावली. तीन दिवस हॉस्पिटलमध्ये होता. डॉक्टर म्हणाले, अजून पंधरा मिनिटं गेली असती तर आम्ही काही सांगू शकलो नसतो.

मग शाळेत मीटिंग. प्रिन्सिपल, तेच उठाबशांवाले साहेब, कोच आणि आम्ही तिघं. कोचनं सक्ती केली असं ठरलं असतं तर त्याची नोकरी जाणार होती. नाहीतर सोमवारपासून तीच चाळीस पोरं, तेच ऊन. मी फाईल करून नेली होती. थर्मामीटरचा फोटो, पन्ह्याची चिठ्ठी, हजेरीची यादी, सगळं. एकेक कागद टेबलावर ठेवला. साहेबांचा चेहरा पडत गेला. मला वाटलं, जिंकलो.

प्रिन्सिपलनं कोचला विचारलं, "मुलगा चक्कर येतेय म्हणत होता, तरी तुम्ही त्याला पळवलंत?"

कोचनं पिवळी वही काढली, पहिल्या दिवसाचं पान उघडलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. वर निखिलचं नाव होतं आणि खाली अवतरणचिन्हांत माझं ते 'खुशाल शिक्षा करा', शब्द न् शब्द.

प्रिन्सिपलनं ते दोनदा वाचलं आणि वही माझ्याकडे सरकवली. "हे तुम्ही म्हणाला होतात का?"

मिलिंद टेबलाकडे बघत होता. निखिल माझ्याकडे बघत होता, मनगटावर अजून हॉस्पिटलची पट्टी होती.

मी म्हटलं, "हो."