कथबर्टचा अर्धा दगड

कथबर्ट हेस्लॉपबद्दल चांगलं बोलायचं तर एकच गोष्ट सांगता येईल: तो वेळेवर यायचा. एप्रिल ते ऑक्टोबर, दर मंगळवारी आणि शनिवारी, बरोबर साडेदहाला तो पंधरा-वीस माणसांचं लटांबर घेऊन माझ्या शेताच्या फाटकातून आत शिरायचा. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोकांनी बांधलेली भिंत पायी बघायला आलेली ही मंडळी. अंगात महागडे रेनकोट, दोन्ही हातांत काठ्या, आणि एवढं सगळं करून चढायची काय, तर आमची टेकडी. फाटक लावून घ्यायची अक्कल मात्र विसांत एकालाही नसायची.

आम्ही दोघं एका शाळेत होतो. तेव्हाही तो असाच, मास्तर चुकले की बोट वर करणारा. पुढे एकतीस वर्षं त्याने कारखान्यात रंगाचे डबे तपासले. लग्न केलं नाही, केलं असतं तर ती बाई टिकली नसती. निवृत्त झाल्यावर छातीवर गाइडचा बिल्ला लावून, भिंत याच्याच बापजाद्यांनी ठेवून दिल्यासारखा हिंडायला लागला. लॅटिन पुस्तकावरून शिकलेला. या भिंतीचे दगड काढून ज्यांनी पूर्वी गोठे बांधले त्यांना, म्हणजे आमच्या वाडवडिलांना, तो पाहुण्यांसमोर दगडचोर म्हणायचा. तुझं स्वतःचं घर कुठल्या दगडांचं आहे, असं मी एकदा सर्वांदेखत विचारलं, तर मफलर सारखा करत बसला.

पन्नाशीच्या आत असताना त्याला ओढ्यात रोमनांच्या वेळचा, अक्षरं कोरलेला एक दगड सापडला होता. तोही अर्धाच. 'अमक्याच्या तुकडीने हा भाग बांधला' असा मजकूर, पण अमका कोण ते तुटलेल्या अर्ध्यावर गेलेलं. दगडातून तांबडी शीर आरपार गेलेली होती. म्युझियमने तो काचेच्या कपाटात ठेवला आणि खाली चिठ्ठी लावली: नाव अज्ञात. त्या दिवसापासून तेवीस वर्षं हा माणूस उरलेला अर्धा शोधत होता. खणायला सरकारी बंदी, म्हणून ओढे, गोठे, चर्चचं कुंपण, कोंबड्यांची खुराडी असं काय काय धुंडाळायचा. लोकांच्या गोठ्यात शेणात गुडघे टेकून भिंतींवर टॉर्च मारायचा. माझी बायको मॉरीन त्याला चहा द्यायची. मी पाणीसुद्धा विचारलं नसतं.

“नाव कळून करणार काय तू?” मी एकदा विचारलं. “नाताळचं कार्ड पाठवणारेस?”

“बांधणाऱ्याचं नाव राहावं, बस,” तो म्हणाला. त्याच्या तोंडावरचा तो देवळातला भाव बघून मला शिसारी आली.

यंदा फेब्रुवारीत बर्फ वितळलं आणि माझ्या खालच्या कुरणाचं कुंपण सात-आठ पावलं ढासळलं. आमची कुंपणं नुसती दगडावर दगड रचलेली, चुना नाही की सिमेंट नाही. माझी मी स्वतः रचतो, वडिलांनी शिकवलं तशी. एकदा उचललेला दगड परत खाली टाकायचा नाही, त्याला जागा शोधायचीच, असा आमच्यात नियम आहे. त्या दिवशी ढिगातून एक दगड उचलला आणि चिखल पुसला, तर खाली अक्षरं. कडेला तांबडी शीर.

लगेच माझ्या डोळ्यांसमोर कथबर्टच आला. पेपरात फोटो, छाती पुढे, पाठीमागे माझं कुंपण. शिवाय पुरातत्त्व खात्याचे साहेब लोक येणार, दोऱ्या बांधणार, काम अडवणार, आणि मेंढ्या तर महिन्याभरात विणार. मॉरीनने विचारलं असतं तर हेच कारण सांगितलं असतं. खरं कारण एवढंच की त्या माणसाचा आनंद मला बघवला नसता. दगड हातात होता, जागा समोर होती. अक्षरं आत वळवली आणि बसवून टाकला. छान बसला.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी कथबर्ट आला. गुडघे पार गेलेले, हा आपला शेवटचा हंगाम असं तो सगळ्यांना सांगत होता. मी कुरणात कोकरं मोजत होतो. कुंपणापाशी थांबून त्याने नेहमीची पोपटपंची सुरू केली आणि अर्ध्या वाक्यात थांबला. लोकांना म्हणाला, पुढे व्हा, मी आलोच. मग माझ्याजवळ आला.

“नेड, तो दगड तू बसवलास?”

“मीच. दुसरं कोण बसवणार?”

“अक्षरं आत आहेत?”

खोटं बोलायचं मी ठरवून ठेवलं होतं, पण त्याची नजर त्या तांबड्या शिरेवरून हलत नव्हती. मी हो म्हणालो. आता ओरडेल, तक्रार करीन म्हणेल, म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती.

“नाव काय होतं रे?” त्याने हळूच विचारलं.

“वाचलं नाही मी.”

“वाचलं नाहीस?”

हे मात्र खरं होतं. अक्षरं ठसठशीत होती, नुसती खाली मान घातली असती तरी वाचता आली असती. तेवढीही किंमत मी त्याच्या तेवीस वर्षांना दिली नव्हती. तोंडातल्या तोंडात मी म्हणालो, उतरवू का कुंपण, आत्ता?

कथबर्टने माझ्याकडे बघितलं. आजवर मी त्याच्याकडे जसं बघत आलो, अगदी तसं.

“आत्ता कोकरं बाहेर पडतील,” तो म्हणाला. “ऑगस्टात ती बाजारात गेली की उतरवू. मी समोर बसेन. त्या दगडाला मात्र तू हात लावायचा नाहीस.”

मग त्याने लोकांना परत बोलावलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं की हा भाग याच फेब्रुवारीत नेड डॉड यांनी बांधला, नाव लिहून घ्या. त्यांनी खरंच लिहून घेतलं. एका बाईने माझा फोटो काढू का म्हणून विचारलं. मी कुंपणाला टेकून उभा राहिलो. कथबर्टने मला जरा उजवीकडे सरकायला सांगितलं, म्हणजे तांबडी शीर फोटोत नीट येईल.