रूपाला कुणाच्या हवाली करायचं

खारबावच्या केसरीनाथ पाटलांची सून क्षितिजा बाल संरक्षण विभागात नोकरीला आहे. घरात मिटवायच्या भानगडी ती सरकारदरबारी नेते, असं म्हणून गाव नाक मुरडतं. मुरडो बापडं!

रूपा भावकीतलीच. आईबाप गेल्यावर चुलता पंढरी तिला सांभाळी. सांभाळी कसला, धामणकर नाक्याजवळच्या लूमवर, यंत्रमागाच्या कामाला जुंपली होती. क्षितिजाने तिला बाल कल्याण समितीपुढे नेलं, तेव्हा शाळेत घालतो असं कबूल करून पंढरीने पोर परत नेली. यंदा ती सुताच्या कांड्या चोरताना सापडली. काकाच धाडतो, असं क्षितिजाच्या कानात कुजबुजली आणि पुन्हा तोंड उघडेना.

आता प्रकरण बाल न्याय मंडळाकडे. समिती निराधार पोरांची, मंडळ गुन्ह्यात सापडलेल्या पोरांचं. इकडचं तिकडे कुणाला ठाऊक नाही. चुलता न्यायला आलाय म्हटल्यावर तिथे सगळ्यांना हायसं वाटलं. घरचं माणूस आलं, आणखी काय हवं?

पंढरी केसरीनाथांना बजावून गेला होता, सून मंडळापुढे बोलली तर तुमच्या हळदीला भावकीतलं कुणी फिरकणार नाही. धाकट्या कुणालचं लग्न तोंडावर आलेलं. सासरे म्हणाले, "तू गप ऱ्हा."

"बाबा, हळद एका दिवसाची. पोरीला रोज त्याच्याच घरात ऱ्हायचं हाय."

रूपाचं आधीचं प्रकरण ज्यांच्यापुढे आलं होतं, त्या समितीच्या माईंकडे क्षितिजा गेली. समितीचं माणूस मंडळापुढे कधी जात नाही, असं माई म्हणाल्या. मग आज चला, म्हणून क्षितिजा दारातच उभी राहिली. माईंनी चपला घातल्या.

कुणाकडे राहशील, असं मंडळाने विचारलं. रूपा चुलत्याकडे बघत म्हणाली, "काकासंगं."

पंढरीने शाळेत घालायचं कबूल केलं होतं, ते माईंनी सांगितलं. त्याला बाहेर बसवून पुन्हा विचारा, अशी क्षितिजाने विनंती केली. पंढरी बाहेर गेला. दार लागलं तशी रूपा बोलली.

"त्यानंच धाडली मना. घरी गेले तं परत धाडील."

चोरीचं प्रकरण मंडळाकडे राहिलं, पोर समितीकडे आली. तिला बालगृहात ठेवलं, आणि पुढच्या तारखांना माई स्वतः तिच्याबरोबर जाऊ लागल्या.

कुणालच्या हळदीला भावकी आली नाही. मांडव रिकामा, वडे टोपल्यांनी उरलेले. मंडळापुढच्या त्या दिवसापासून केसरीनाथांनी सुनेशी अबोला धरला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी, लग्नाला निघण्याआधी, क्षितिजा बालगृहात जाऊन यायला निघाली, तेव्हा त्यांनी वड्यांचा डबा तिच्यापुढे ठेवला.

"रूपाला दे," ते म्हणाले. "भावकीतलं एक तरी माणूस जेवू दे."