बार्ब्रा कॉन्कॅननची तारीख

बार्ब्राने संसदेत नवऱ्याचं नाव घ्यायला परवानगी दिली होती. त्याला सांगितलं नव्हतं.

लग्न होऊन ती या बेटावर आली तेव्हा मी धक्क्यावर हमाली करायचो. समुद्री शेवाळाचे भारे ती स्वतः वाहायची. मदत हवी का विचारलं की म्हणायची, "हात दुखायला लागले की सांगेन." कधी सांगितलं नाही.

मग तिच्या नवऱ्याची, कोलमनची, मूत्रपिंडं गेली. आठवड्यात तीनदा बोटीने पलीकडे गॉलवे शहरात डायलिसिस. दक्षिणेचा वारा सुटला की आमच्या धक्क्याला बोट लागत नाही. धक्का लांबवायचं सरकारचं वचन जुनं आहे. खुर्चीत बसवून त्याला पायऱ्या उतरवायला चार माणसं लागतात, आणि पायऱ्या ओल्या असल्या तर चौघांनीही तोंड बंद ठेवायचं असतं.

गेल्या हिवाळ्यात त्याची डायलिसिसची एक खेप चुकली. तो सुजला, श्वास लागला, हेलिकॉप्टर आलं. तेव्हा बार्ब्राने गॉलवेत भाचीच्या दोन खोल्या बघून ठेवल्या. मला म्हणाली, "धक्क्याच्या कामाची तारीख मिळाली तर राहू. नाहीतर घर बंद."

त्या बुधवारी आमच्या धक्क्याचा विषय संसदेत घेतला गेला. कोलमनच्या स्वयंपाकघरात टीव्ही लावला होता. शेजारची देल्या चहा ओतत होती. वारा फिरत होता. दुसऱ्या दिवशी डायलिसिस होतं, म्हणून बोटवाला फेस्टस खाली इंजिन चालू ठेवून थांबला होता.

आधी एका खासदार बाईंनी पाठीच्या शस्त्रक्रियेसाठी थांबलेल्या मुलांबद्दल विचारलं. मग पुरात बुडणाऱ्या कुठल्याशा गावाबद्दल कुणी बोललं. मग आमचे खासदार टुओमी उठले.

"कोलमन कॉन्कॅनन नावाचे गृहस्थ," ते म्हणाले, "खुर्चीत बसून बोटीत उतरवले जातात."

देल्याची किटली हवेतच राहिली. कोलमनने बायकोकडे पाहिलं.

"माझं नाव कुणी दिलं?"

"मी."

"अख्ख्या देशाला माझं मूत कळलं."

"देशाला ठाऊक नव्हतं म्हणूनच तर इथे बसलोय. गप ऐक."

धक्क्याचा मंत्री आलाच नव्हता. दुसऱ्याच खात्याचा राज्यमंत्री कागद वाचायला उभा राहिला. हा महत्त्वाचा विषय मांडल्याबद्दल त्याने खासदारांचे आभार मानले.

"बघ, महत्त्वाचा म्हणाला," देल्या म्हणाली.

"माझ्या मावशीलाही महत्त्वाची म्हणाले होते, मयतीत," कोलमन म्हणाला.

राज्यमंत्री वाचत गेला: पर्यावरणाचा अहवाल, सल्लागारांची नेमणूक, पुढचा टप्पा. बार्ब्रा एप्रनचं टोक पिळत होती. टुओमी पुन्हा उठले: "मला फक्त एक तारीख द्या."

तेवढ्यात फेस्टस दारात आला. "निघायचं तर आत्ता. नाहीतर शनिवारपर्यंत विसरा."

"उत्तर ऐकू दे," कोलमन म्हणाला.

"उत्तर डायलिसिस करत नाही," बार्ब्रा म्हणाली आणि खुर्चीचा पट्टा आवळला. "देल्या, तू ऐक."

लाटा तिसऱ्या पायरीपर्यंत येत होत्या. पुढे फेस्टस आणि त्याचा भाऊ, मागे मी आणि बार्ब्रा. चौथा माणूस मिळाला नव्हता, ती होती. लाट मागे जाईपर्यंत थांबायचं, मग दोन पायऱ्या. एकदा माझी टाच सरकली. तिने सगळं वजन स्वतःकडे घेतलं आणि माझ्याकडे पाहिलंही नाही. बोट वर आली त्या क्षणी खुर्ची आत गेली. मागोमाग तिने बोटीत उडी घेतली.

मी दोर सोडला. देल्या धक्क्याच्या टोकाला आली होती. वाऱ्यात आवाज पोचत नव्हता. तिने मान हलवली, आडवी.

बार्ब्रा क्षणभर उभी राहिली. मग खिशातून घराची किल्ली काढून तिने माझ्याकडे फेकली.

"कोंबड्या देल्याला दे," ती ओरडली. "आणि वरचं पाणी बंद कर, थंडीत गोठून नळ फुटतील."

किल्ली दगडावर पडली. कोलमन काहीतरी बोलत होता. तिने त्याच्या गुडघ्यांवर ताडपत्री खोचली. फेस्टसने वळून पाहिलं नाही. त्या पाण्यात वळून पाहता येत नाही.