डॉक्टरांच्या पाठीमागून

जळगावला मोटारसायकलची सीट कव्हरं शिवणारा एक तरुण आहे. उजेडाने डोकं ठणकतं म्हणून दुकानाचं शटर तो अर्धंच उघडतो. बोलता बोलता शब्द हरवला की हात वर करतो, ‘थांबा, येतंय.’ गिऱ्हाईकही मुकाट्याने थांबतं.

राज्याच्या संघात नक्की जाईल, असा हॉकीपटू होता तो. मी त्याचा प्रशिक्षक. धुळ्याच्या सेमीफायनलला त्याच्या डोक्याला दुसऱ्यांदा मार बसला. पूर्ण भानावर आहे का बघायला डॉक्टरांनी विचारलं, ‘आपले गोल किती?’ त्याला आठवेना. डॉक्टरांच्या पाठीमागून मी दोन बोटं दाखवली. ‘दोन,’ तो म्हणाला. फायनलला तिसरा मार बसला आणि खेळ कायमचा सुटला.

हे आम्हा दोघांतच होतं. परवा मी गेलो तेव्हा त्याची नवी नवरी दुकानात आली होती. तो हसत तिला म्हणाला, ‘सरले कडक चहा ठेव वं! डॉक्टरच्या मागून यांनी गोलची बोटं दाखवली नसती, तर मले फायनल खेळूच दिली नसती.’

ती उठली नाही.

‘सर, हे तुम्ही केलं?’

तो अजून हसतच होता.

‘हो, मी केलं,’ मी म्हणालो.